फायरमन वाचला का?

अमेरिकेतल्या दरोडेखोरांनी आमच्या घराचं वाटोळं केलं असं मी म्हटलं की माझी पोरं हसतात. हसू देत. त्यांना काय ठाऊक, सातासमुद्रापलीकडची ती टोपीवाली माणसं घोड्यावर बसून दौंडच्या रेल्वे लाइनीत कशी शिरली, ते!

आमचे हे, म्हणजे माझा नवरा, दौंडच्या इंजिन शेडमध्ये फायरमन होते. वाफेच्या इंजिनात कोळसा मारायचं काम. पण नोकरी कच्ची. सब्स्टिट्यूट म्हणायचे त्याला; पक्का माणूस रजेवर गेला की ह्यांना बोलावणं. गेलं वर्षभर मात्र रोजच बोलावणं यायचं आणि शेडमधली जुनी माणसं म्हणायची, औंदा पक्का होतोस बघ. आमचा सगळा संसार त्या एका शब्दाला टांगलेला. पक्के झाले की क्वार्टर, क्वार्टर मिळालं की सासूबाईंना गावाहून आणायचं, थोरलीला चांगल्या शाळेत घालायचं. साधी नवी चादर घ्यायची म्हटली तरी हे म्हणायचे, "पक्कं हुंदे, मग बघू." तोवर आम्ही रुळांचे सांधे बदलणाऱ्या एका म्हाताऱ्या पॉइंट्समनच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत राहत होतो. ते काही नात्यातले नव्हते, पण सगळी लाइन, म्हणजे क्वार्टरांची सगळी वस्ती, त्यांना मामा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो.

ह्यांचा ड्रायव्हर अँग्लो-इंडियन होता. दौंडात तेव्हा ती पुष्कळ घरं होती आणि एकेक करून ऑस्ट्रेलियाला निघाली होती. ह्या ड्रायव्हरनं जाताना कपाटं विकली, कोंबड्या वाटल्या, आणि आमच्या ह्यांच्या अंगावर एक गोणी टाकली. म्हणाला, "तेरा मिसेस मॅट्रिक है ना? वो पढ़ेगा." हे ती गोणी खांद्यावरून घेऊन आले तेव्हा मला वाटलं, कोळसा आणला. उघडून बघते तर पुस्तकं. खिशात मावतील एवढाली, पानं पिवळी पडलेली, तंबाखूचा वास मारणारी. आणि प्रत्येकावर एक टोपी नि एक पिस्तूल. इतकी पुस्तकं, पण एकही कामाचं नाही! मी कपाळावर हात मारून घेतला. पण ह्यांचा चेहरा असा फुललेला की बोलवेना. "वाचून दावशील ना?" म्हणाले.

मी शिरूरची. मॅट्रिक झालेली. आमच्या वस्तीत तेव्हा मॅट्रिक झालेली मी एकटीच मुलगी, त्यामुळे मला इंग्रजी येत नाही असं कबूल करणं शक्यच नव्हतं. भावाची शाळेतली डिक्शनरी मागवून घेतली. अर्धे शब्द तिच्यात नव्हते. शेरीफ म्हणजे फौजदार, हे मी ठरवून टाकलं. सलून म्हणजे तिकडं दारूचा गुत्ता असतो, हे कळायला वेळ लागला. तोवर माझ्या तोंडून दोन-तीन माणसं न्हाव्याच्या दुकानात गोळ्या लागून मेली होती. मामी, म्हणजे मामांची बायको, म्हणायच्या, "आगं बया, दाढी करायला गेला आन् जीव गमावून बसला!"

हे यवतजवळच्या एका खेड्यातले. तिथल्या विहारात पावसाळ्यात वर्षावास असतो, तेव्हा रोज ग्रंथवाचन होतं. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. हे लहानपणापासून ते ऐकत आलेले, अर्थ सांगायला बसलेलेही. तीच रीत त्यांनी ह्या दरोडेखोरांना लावली. दुपारच्या वेळी हे रेस्टवर असले की ओट्यावर सतरंजी अंथरायची, मी एक परिच्छेद वाचून मराठीत सांगायचा, आणि मग हे मांडी ठोकून पुढं सरकायचे. "म्हंजी काय, तर त्या फौजदारानं दवंडी दिली. जिता आणा न्हाईतर मुडदा आणा, इनाम तेवढंच." मामा विडी विझवून म्हणायचे, "तिथल्या पोलिसाचं काम लई सोपं दिसतंय." आजूबाजूच्या बायका निवडायचं घेऊन यायच्या. कुणाच्या घरी चोर शिरला असता तरी कळलं नसतं, एवढ्या आम्ही चोरांच्या गोष्टीत गुंग.

मला ती पुस्तकं मनापासून आवडत नव्हती, हेही सांगून टाकते. त्यांतल्या बायकांना दोनच कामं. पुरुष आला की पाणी द्यायचं, गेला की रडायचं. पण ह्यांना आवडायची, आणि त्यात आगगाडी आली की विचारूच नका. दरोडेखोर गाडी कुठं अडवतात? जिथं इंजिन पाणी घ्यायला थांबतं तिथं. हे खूश. "बराबर! तिथंच अडवनार, दुसरीकडं कुठं?" जणू दरोड्याचा बेत ह्यांनीच आखला होता.

पहिल्यांदा वाचला तो प्रसंग माझ्या चांगला लक्षात आहे. दरोडेखोरांनी पाण्याच्या टाकीवरून कोळशावर उडी मारली, ड्रायव्हरच्या पाठीला पिस्तूल लावलं, फायरमनला गोळी घातली, तो खाली पडला. पुढच्याच ओळीला तिजोरी. मी वाचत पुढं गेले. ह्यांनी हात वर केला.

"थांब. आन् फायरमन?"

"पडला खाली."

"मेला का त्यो?"

"लिहिलेलं नाही."

"लिव्हलं न्हाई म्हंजी? मानूस पडलाय गाडीवरनं! त्याला बायकापोरं न्हाईत व्हय?"

मी पानं चाळली. नव्हतंच काही. तिजोरीतल्या नोटांना चार पानं आणि फायरमनला अर्धी ओळ. हे उठून गेले, चहाही घेतला नाही. मला वाईट वाटलं. पुढच्या पुस्तकात पुन्हा गाडी आली, पुन्हा फायरमनला गोळी. ह्या वेळी मी तयार होते. म्हटलं, "गोळी कानाला चाटून गेली. तो खाली वाळूत पडला आणि उठून स्टेशनाकडं पळाला." पुस्तकात कसली वाळू नि कसलं स्टेशन. पण ह्यांचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून माझ्या हातून एकही फायरमन मेला नाही. एक गवतात पडला, एकाला नुसतं बांधून ठेवलं, एकाला तर दरोडेखोरांनी ओळखीचा निघाला म्हणून सोडून दिलं. शेवटी मामा म्हणाले, "पोरी, ह्या अमेरिकेत रुळाच्या दोन्ही अंगाला वाळूच हाय का गं?" सगळा ओटा हसला. हेही हसले. मग तो लाइनीतला नेहमीचाच विनोद झाला. मी नळावर गेले तरी कुणीतरी विचारायचंच, "वैनी, फायरमन वाचला का?"

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात रेल्वेचा संप झाला. त्याच्या थोडं आधी आम्ही जे पुस्तक वाचलं, ते शेवटचं. त्यात एक दरोडेखोर दोन डोंगरांच्या मधल्या घळीत लपलेला असतो. फौजदाराला आत शिरता येत नाही. मग तो त्याच्या बायकोला घेऊन येतो. तिला सांगितलेलं असतं, सरकारनं तुझ्या नवऱ्याला माफी दिलीय, फक्त हाक मार. ती भोळी, खरं मानते. हाक मारते. तो टोपी हातात घेऊन बाहेर येतो आणि फौजदार त्याला गोळी घालतो. ह्यात गाडी नव्हती, फायरमन नव्हता, मला वाचवायला कुणीच नव्हतं. मी जसं होतं तसं वाचलं. त्या दिवशी ह्यांनी अर्थ सांगितला नाही. सतरंजी गुंडाळताना एवढंच म्हणाले, "घरच्याच्या तोंडून निरोप आला, की समजायचं. मागं फौजदार उभा हाय."

संप सुरू व्हायच्या आधीच पुढाऱ्यांना घराघरातून उचलायला लागले होते. पोलिसांच्या गाड्या लाइनीत फिरायच्या. आमचे हे काही पुढारी नव्हते, पण शेडच्या गेटावर घोषणा द्यायला ह्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. मामा म्हणाले, "पक्क्याला निदान नोटीस देत्यात, कच्च्याला कोन इचारतो? तू हितं थांबू नको." हे त्याच दुपारी निघाले. घोंगडी, तांब्या, चार भाकरी. शिरूरच्या बाहेर घोड नदीच्या काठी एका बागायतदार आप्पांचा मळा होता. माझ्या वडिलांची हयात त्या मळ्यात कामात गेलेली. आप्पा माणूस भला, त्यांच्या उसात लपायचं ठरलं. दारात हे जरा हसले. म्हणाले, "झालो बघ मी बी इनामी मानूस." मग हसू गेलं. "कुनाच्या बी निरोपावर येनार न्हाई मी."

"माझ्याही?"

ह्यांनी घोंगडीची गाठ सोडून पुन्हा बांधली आणि निघून गेले.

संप कसा मोडत गेला ते मला सांगवत नाही. एकेक माणूस मान खाली घालून कामावर जायला लागला. लाइनीतल्या बायका एकमेकींशी बोलेनात. मग एके दिवशी मामांच्या रेडिओवर आलं, संप मागं घेतला. मी तशीच शेडमध्ये गेले. फोरमन कडक माणूस, पण ह्यांच्या कामावर खूश असायचा. त्यानं इकडंतिकडं बघून हळूच सांगितलं, "सोमवारी सकाळी तो इथं उभा दिसला तर मी सांभाळून घेतो. आजारी होता म्हणतो. मंगळवारी माझ्या हातात काही नाही. कच्च्या माणसाचं नाव खोडायला कुणाला विचारावं लागत नाही."

तो शनिवार होता. रविवारी पोरीला मामींच्या ओटीत टाकून मी पहिली एसटी धरली. चौफुल्याला बदलून, न्हावऱ्यावरून शिरूर. डेपोत माझा धाकटा भाऊ भेटला. त्याच वर्षी कंडक्टर म्हणून चिकटलेला, नुकताच ड्यूटी संपवून उतरत होता. म्हणाला, "ताई, थांब, कपडं बदलून येतो." मी म्हटलं, "राहू दे रे, उशीर होतोय, चल तसाच." आणि तो चालला तसाच. अंगावर खाकी, डोक्याला खाकी टोपी.

मळ्यात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आप्पांची कारभारीण म्हणाली, "सकाळीच भाकरी दिऊन आले की. त्या कडंच्या फडातच हायत." आम्ही विहिरीच्या थारोळ्याजवळ उभे राहिलो. समोर डोक्याच्या वर गेलेला ऊस. मी तोंडाभोवती हात धरून ओरडले.

"अहो! संप मिटलाय! या बाहेर!"

पानं सळसळली, बाकी काही नाही.

"अहो, ऐकताय का? उद्या हजर व्हा म्हणालेत फोरमनसाहेब! सांभाळून घेतो म्हणालेत! कुणी काही करणार नाही तुम्हाला! घरी चला!"

किती ओरडले मी! घसा फुटेस्तोवर ओरडले. थोरलीची शपथ घातली. भाऊ फडात शिरला, मीही शिरले, पात्यांनी हात चिरले. आत एका सरीत घोंगडी सापडली. तांब्या लवंडलेला, पाणी अजून जमिनीत मुरत होतं. म्हणजे आत्ता, ह्या घटकेला इथं होते! भाऊ नदीपर्यंत धावत जाऊन आला. नदीच्या वाळूत पावलं होती, म्हणाला, पलीकडं नगरच्या बाजूला गेलेली. आम्ही शेवटच्या गाडीपर्यंत त्या विहिरीवर बसून राहिलो. आप्पांनी सगळीकडं माणसं पाठवली. कुणाला दिसले नाहीत.

सोमवारी सकाळी मीच जाऊन शेडपुढं उभी राहिले. का, कोण जाणे. वाटलं, कुठूनतरी येतील, आणि आलेच तर मी इथं असावं. भोंगा झाला. माणसं आत गेली. फोरमन दारात आला, हात पुसत उभा राहिला, माझ्याकडं न बघता रुळांकडं बघत राहिला, आणि आत गेला. मी दुपारपर्यंत उभी होते. तिथून घरी कशी आले ते आठवत नाही.

हे गुरुवारी आले. घोड नदीच्या कडेनं काष्टीपर्यंत, आणि तिथून रुळावरून चालत. दाढी वाढलेली, पायांना भेगा. काष्टीला एका हॉटेलात कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचत होता, त्यात संप मिटल्याचं ऐकलं, म्हणाले. मी जेवायला वाढलं. खाऊन होईपर्यंत सोमवारचं सांगितलं नाही. सांगितल्यावर ह्यांनी धुतलेले हात पुन्हा धुतले.

"मळ्यात आले होते मी," मी म्हटलं. "हाका मारत होते."

"मला नुसती खाकी दिसली. तुझ्याजवळ खाकीतला मानूस."

"अहो, तो माझा भाऊ! कंडक्टर झालाय तो!"

"मला काय ठावं. मी पळालो."

"पण माझा आवाज?"

"वारं व्हतं. उसात काय ऐकू येतंय?"

हे शेडमध्ये जाऊन आले. एकदा, दोनदा, मग रोज. नाव खोडलेलं होतं. फोरमननं आत बोलावून चहा पाजला, एवढंच. पावसाळ्याआधी आम्ही दौंड सोडलं. पुस्तकांची गोणी मामांकडंच राहिली. मामींनी बंब पेटवायला वापरली असेल. मी विचारलं नाही. ह्यांनीही पुन्हा कधी "वाच" म्हटलं नाही.

यवतला गुऱ्हाळांवर काम मिळालं. उसाच्या रसाची मोठी काहील, तिच्याखाली चुलवाण, आणि चुलवाणात सुकी चिपाडं घालत राहायचं. इंजिनाला आग घालणारा माणूस गुळाला आग घालायला लागला. हंगाम संपला की मिळेल ते. सासूबाई गावाकडंच वारल्या. थोरली शाळेत गेली नाही, मागून झालेल्या धाकट्याला सांभाळत बसली. आणि मी काय केलं? मी भावाशी बोलणं टाकलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष! पण त्याची ती खाकी नजरेसमोर आली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. राखीला गेले नाही, त्याच्या लग्नात परक्यासारखी अक्षता टाकून आले. स्वतःलाही सोडलं नाही. पाच मिनिटं थांबले असते, त्यानं शर्ट बदलला असता, तर आज आम्ही क्वार्टरमध्ये असतो, हे मी चुलीपुढं बसून रोज म्हणायची. ह्यांच्यादेखत म्हणायची. हे ऐकून घ्यायचे.

मग सत्त्याहत्तरला सरकार बदललं. मामा म्हातारपणी एसटीचे धक्के खात यवतला आले, मुद्दाम आम्हाला सांगायला. मी गुऱ्हाळावर ह्यांची भाकरी घेऊन गेले होते. मामा म्हणाले, संपात काढलेल्यांना परत घेतायत. माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. मग मामा खाली बघत म्हणाले, "पक्क्यांना. कच्च्यांचं नाव कुठं निघना. मी इचारलं समद्यांना." त्यांनी ताजा गूळ हातावर घेतला, तोंडात घातला नाही, आणि परतीच्या गाडीला निघून गेले.

हे चिपाडं घालतच होते. धगीनं चेहरा काळाठिक्कर पडलेला. मला राहवेना. मी जवळ जाऊन म्हटलं, "तुम्हालाही घेतील हो. आज पक्क्यांना घेतायत, उद्या तुमचा नंबर. असं कसं विसरतील तुम्हाला?"

ह्यांनी माझ्याकडं वळून बघितलं आणि कितीतरी दिवसांनी हसले.

"वाचवलास का फायरमन?"

मी हसायला गेले आणि हसू आलं नाही. कारण हे अजून माझ्याकडंच बघत होते.

"त्या दिशी उसात मला समदं ऐकू आलं व्हतं," हे म्हणाले. "वारं न्हवतं. तुझा शबूद न् शबूद ऐकू आला. पोरीची आन घातलीस त्ये बी."

"मग?"

"फोरमन सांभाळून घेतो, कुनी काय करनार न्हाई, घरी चला. तू कशी बोलत व्हतीस सांगू? वाचताना गाडी आली की बोलायचीस, तशी. मला वाटलं, पुस्तकात कायतरी निराळंच लिव्हलं आसनार. ही पुन्ना वाळू घालाय लागली."

भावाची खाकी, बदलायचा राहिलेला शर्ट, इतकी वर्षं बंद असलेलं त्याचं दार. सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. त्या दिवशी विहिरीवर उभं राहून मी एक शब्द पदरचा घातला नव्हता. फोरमन बोलला तेवढंच ओरडले होते. हे सांगायला मी तोंड उघडलं, पण ते मी ज्या आवाजात सांगणार, त्या आवाजातली वाळू ह्यांना ठाऊक होती. मी भाकरीचं फडकं उचलून झटकलं. काहिलीतला रस वर यायला लागला होता, म्हणून हे वाकून चुलवाणातली आग मागं ओढायला लागले.